भामरागडची माडिया बोली आणि वाचोपचाराची आखणी

वाचादोषावरील उपचाराची आखणी कशी करावी यासंबंधी जे नियम ग्रंथांतून सांगितलेले आढळतात, ते बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक नियम एका गृहीतावर उभे आहेत आणि त्या गृहीताचा उच्चार क्वचितच केला जातो. मूल जी भाषा बोलते ती उपचारकाला अवगत आहे, आणि त्या भाषेत निरोगी मूल कोणत्या वयात काय बोलते हेही त्याला ठाऊक आहे, असे हे गृहीत होय. पुण्यामुंबईच्या मराठी घरातील मुलाच्या बाबतीत ते बरेचसे खरे असते. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकास, जेथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीस मिळतात त्या भामरागडच्या परिसरात ते मुळीच खरे नाही. तेथील घराची भाषा माडिया, शाळेची भाषा मराठी, आणि बाजारात कानावर पडते ती तेलुगू, हिंदी किंवा छत्तीसगढी. अशा ठिकाणी उपचाराची आखणी करावयाची तर भाषेचा इतिहास हा केवळ जिज्ञासेचा विषय राहत नाही. मुलाच्या उच्चारातील कोणता विशेष दोष मानावा आणि कोणता वारसा मानावा, याचा निर्णय त्याच इतिहासाकडून घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा मांडावयाचा आहे. रुग्णालयांतून ‘स्पीच थेरपी’ या नावाने परिचित असलेल्या शास्त्रास येथे वाचोपचार म्हटले असून उच्चार, ओघ, आवाज, तसेच भाषेचे आकलन आणि प्रकटन या सर्वांवरील उपचार त्यात अभिप्रेत आहेत.

वाणीच्या दोषांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. शिक्षाग्रंथांनी वाईट पाठकाची लक्षणे मोजून सांगितली आहेत, आणि ऋग्वेद-प्रातिशाख्याचे चौदावे पटल उच्चारदोषांनाच वाहिलेले आहे. जिभेची जागा चुकणे, आवाज नाकातून निघणे, वर्ण गिळणे किंवा वाढविणे या गोष्टी त्या आचार्यांनी इतक्या सूक्ष्मतेने टिपल्या आहेत की आजच्या ध्वनिशास्त्रज्ञानेही आदर बाळगावा. परंतु त्यांच्यापुढे एकच मापदंड होता, तो यज्ञातील शुद्ध पाठाचा. त्या मापदंडाने पाहता परक्या प्रांताची लकब आणि जिभेचा विकार यांत भेद उरत नाही. पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात असुरांची जी कथा सांगितली आहे ती या दृष्टीने बोलकी आहे. असुरांनी ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला, असा तिचा आशय. आता ‘र’चा ‘ल’ होणे हा पूर्वेकडील प्राकृताचा नियमित विशेष होता. अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत ‘राजा’च्या जागी ‘लाजा’ असेच कोरलेले आहे. ज्याला व्याकरणकाराने अपभ्रष्ट उच्चार मानले तो एका संपूर्ण प्रदेशाचा शुद्ध उच्चार होता. बोलीला विकार समजण्याची आपल्या परंपरेतील ही एक अतिशय जुनी नोंद आहे असे म्हणावयास हरकत नसावी.

मराठी लोकभाषेने मात्र या बाबतीत बरेच तारतम्य दाखविले आहे. बोबडे, तोतरे, गेंगाणे, चाचरत बोलणारे अशी वेगवेगळी विशेषणे तिच्यापाशी आहेत, आणि ती स्थूलमानाने वेगवेगळ्या विकारांना लागू पडतात. बोबडेपणा उच्चाराचा, तोतरेपणा ओघाचा, गेंगाणेपणा नासिक्य आवाजाचा. दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनेच्या बोलण्याला कोणी बोबडे म्हणत नाही. तिची बोली निराळी आहे एवढेच म्हणतात. हा विवेक शास्त्रात येण्यास फार काळ लागला.

आधुनिक वाचोपचाराची एक शाखा बधिरांच्या शिक्षणातून निघाली. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने हातवाऱ्यांच्या भाषेऐवजी मुखाने बोलण्याच्या शिक्षणाचा पुरस्कार केला आणि पुढील अनेक दशके त्या निर्णयाची छाया जगभरच्या बधिर-शाळांवर राहिली. मुंबईतील बधिर-मूकांची पहिली शाळा याच दशकात निघाली. दुसरी शाखा विसाव्या शतकात अमेरिकेतील विद्यापीठांतून वाढली. चार्ल्स व्हॅन रायपर यांचा वाचासुधारणेवरील ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि अनेक आवृत्त्यांनी अनेक पिढ्यांना शिकविले. त्यात सदोष वाणीची जी व्याख्या केलेली आहे तिचा गाभा असा, की इतर लोकांच्या बोलण्यापासून इतके दूर गेलेले बोलणे, की ऐकणाऱ्याचे लक्ष आशयावरून उच्चाराकडे वळावे, संभाषणात अडथळा यावा, अथवा बोलणाऱ्याला स्वतःला त्रास व्हावा. व्याख्या उत्तम आहे, पण तिचे सारे वजन ‘इतर लोक’ या दोन शब्दांवर आहे. हे इतर लोक कोण? शाळेतील गुरुजी, तालुक्याचा डॉक्टर, की मुलाची आजी?

हा प्रश्न अमेरिकेतच पुढे उग्र झाला. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांची भाषा दरिद्री आहे असा निष्कर्ष परीक्षांवरून काढला जात असता विल्यम लॅबोव्ह यांनी १९६९ च्या आपल्या निबंधात त्या परीक्षांचीच परीक्षा केली. मोठ्या अनोळखी माणसासमोर एकेक शब्दात उत्तर देणारे मूल, तोच प्रश्नकर्ता खाली जमिनीवर बसला, मुलाचा मित्र सोबतीस आला आणि खाऊ मधे ठेवला गेला, की अखंड बोलू लागते, हे त्यांनी दाखविले. मूल मुके नव्हते. परीक्षेने त्याला मुके केले होते. अमेरिकेतील वाचोपचारकांच्या संघटनेने १९८३ साली सामाजिक बोली हा विकार नव्हे अशी भूमिका अधिकृतपणे घेतली. तत्त्व म्हणून ते आता सर्वत्र मान्य आहे. तथापि तत्त्व मान्य होणे वेगळे आणि विशिष्ट बोलीच्या बाबतीत ते कामास लावता येणे वेगळे. त्यासाठी त्या बोलीचे वर्णन हाताशी असावे लागते.

माडियाचे वर्णन आहे, आणि ते एक शतकाहून जुने आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मुंडा व द्राविडी भाषांवरील चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता आणि त्यात गोंडीच्या निरनिराळ्या प्रदेशांतील नमुने आहेत. १९१३ मध्ये ए. ए. लिंड यांनी माडियाची एक मार्गदर्शिका छापली. ती छापली गेली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, म्हणजे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या संस्थेत. पुणे जिल्ह्यातल्या छापखान्यात एवढ्या पूर्वी माडिया शब्दांचे खिळे जुळविले गेले होते, ही गोष्ट आपल्या भाषाभ्यासकांच्या फारशी स्मरणात नाही. ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरील ग्रंथ १९३८ चा. डोंगरी माडिया आणि गव्याची शिंगे मस्तकी धारण करून नाचणारे माडिया हा भेद त्यांनी ठसविला. यांपैकी दुसऱ्या समाजाच्या बोलीचे व्याकरण मिचेल यांनी १९४२ मध्ये जगदलपुरास प्रसिद्ध केले. १९६० साली बरो आणि भट्टाचार्य यांनी गोंडीच्या सर्व ज्ञात बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिला, आणि १९८५ साली नटराजन यांचे अबुझमाडच्या माडियाचे व्याकरण म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढले.

म्हैसूरचा उल्लेख आला म्हणून एक गंमत नमूद करावीशी वाटते. अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था म्हैसुरात १९६५ साली स्थापन झाली आणि भारतीय भाषा संस्थान १९६९ साली. दोन्ही संस्था मानसगंगोत्रीच्या परिसरात, परस्परांच्या शेजारी आहेत. एकीत वाचोपचारक शिकतात, दुसरीने माडियाचे व्याकरण छापले. परंतु त्या व्याकरणातील ज्ञान भामरागडच्या मुलाच्या तपासणीपर्यंत पोचावे अशी वाट कोणी बांधली नाही. महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. डेक्कन कॉलेजात १९५० नंतरच्या दशकात भाषाशास्त्राचे उन्हाळी वर्ग भरले, डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या पाहणीचे एकेक पुस्तक काढले. पण त्या पाहणीचा रोख कोकण, गोवा आणि दक्षिणेकडील बोलींवर राहिला. मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवण-संस्था १९८३ साली आली, १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यवसायाला शिस्त लागली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा यांच्या अपंगत्वाला स्वतंत्र स्थान मिळाले. मराठीत उपचाराची साधने हळूहळू तयार झाली. माडियाभाषक मूल या साऱ्या व्यवस्थेत येते ते मराठीचे अपुरे बोलणारे म्हणून. जनगणनेतही माडियाची गणना गोंडीच्या पोटात होते. २०११ साली गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९.८ लाख होती, आणि त्या मोठ्या आकड्यात भामरागडचे मूल दिसत नाही.

आता त्या व्याकरणांतून आखणी करणाऱ्याला काय मिळते ते पाहू. पहिली गोष्ट शब्दारंभीच्या ‘स’ची. मूळ द्राविडीतील शब्दारंभीचा ‘च’ गोंडीत ‘स’ झाला. तो उत्तर व पश्चिमेकडील बोलींत ‘स’ म्हणूनच राहिला, मधल्या पट्ट्यात त्याचा ‘ह’ झाला, आणि दक्षिणपूर्वेकडे तो पुष्कळ ठिकाणी समूळ नाहीसा झाला. मिठाला गोंडीच्या निरनिराळ्या बोलींत असलेल्या ‘सोवर’, ‘होवर’, ‘ओवर’ या रूपांतून हा सारा प्रवास एका दृष्टिक्षेपात दिसतो. हे जाणणाऱ्याला ‘ओवर’ म्हणणारे मूल आपल्या पूर्वजांची भाषा अचूक बोलताना दिसते. न जाणणाऱ्याच्या कागदावर मात्र ‘आरंभीचा वर्ण गाळतो’ अशी नोंद होते. आणि आरंभीचा वर्ण गाळणे हे उपचारशास्त्रात गंभीर लक्षण मानलेले आहे.

दुसरी गोष्ट महाप्राणांची. मूळच्या द्राविडी शब्दसंग्रहात ख, घ, ध, भ हे वर्ण नाहीत. काही गोंडी बोलींत ते शेजारच्या आर्यभाषांतून उसन्या शब्दांबरोबर आले, पण घरच्या शब्दांत त्यांना काम नाही. ‘घर’ला ‘गर’ आणि ‘भात’ला ‘बात’ म्हणणारे माडिया मूल मराठी शिकणारे मूल आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. लिंगाचेही तसेच. गोंडीत नामांचे दोन वर्ग आहेत. पुरुष एका वर्गात. स्त्रिया, पशू आणि वस्तू या सर्व दुसऱ्यात. मराठीच्या तीन लिंगांपुढे असे मूल गोंधळले आणि आईविषयी बोलताना क्रियापदाचे रूप चुकले, तर त्यावरून व्याकरणाच्या आकलनात दोष आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका घराच्या किल्लीने दुसऱ्या घराचे कुलूप उघडत नाही म्हणून किल्लीला वाकडी ठरविणे होय.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अबुझमाडच्या बाजूच्या डोंगरी माडियात इतर बोलींतील ‘र’ला समांतर असा एक वर्ण आहे, तो जिभेच्या टोकाने न निघता पडजिभेपाशी, घशातून घासत निघतो. बरो आणि भट्टाचार्य यांच्यासारख्या अभ्यासकांना तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला. वाचोपचारकाला तो वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटावयास हवा. टाळू फाटलेल्या मुलाच्या तोंडात हवेचा दाब साठत नाही, म्हणून ते घशाजवळ घर्षण करून वर्णांची भरपाई करू पाहते. उपचारक अशा घशातील घर्षणाचा माग काढण्यास शिकलेला असतो. डोंगरी माडियाच्या मुलाच्या तोंडी तोच आवाज आला तर तो विकृतीचा की आजोबांच्या ‘र’चा, हे कानाने एकट्याने ठरविता येणार नाही.

येथवर जे सांगितले त्यातून निष्कारण दोषी ठरणाऱ्या मुलाची बाजू पुढे आली. परंतु माझ्या मते याच्या उलट होणारी चूक जास्त घातक आहे. शाळेत न बोलणाऱ्या माडिया मुलाविषयी ‘त्याला मराठी येत नाही’ असे सांगून सगळे मोकळे होतात. बहुधा ते खरेही असते, आणि नेमके म्हणूनच ज्या मुलाला ऐकूच येत नाही, जे घरीही बोलत नाही, जे माडियातही तोतरे आहे, ते या स्पष्टीकरणाच्या आड वर्षानुवर्षे झाकलेले राहते. वारंवार फुटणारा कान, जन्मतःचा श्वासावरोध, मेंदूपर्यंत गेलेला हिवताप ही वाचादोषाची ठळक कारणे होत, आणि गडचिरोलीचा वनप्रदेश हिवतापाविषयी फार काळ प्रसिद्ध आहे. केनियातील किलिफी येथे जे अभ्यास झाले त्यांत तीव्र हिवतापातून वाचलेल्या मुलांपैकी काहींच्या भाषेवर टिकाऊ परिणाम झाल्याचे दिसून आले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ते परिणाम दिसले याचे एक कारण संशोधकांनी इंग्रजी परीक्षा तशीच न वापरता तेथील मुलांच्या मातृभाषेत आणि तेथील वस्तूंवर बेतलेल्या परीक्षा तयार केल्या हे होय. परक्या भाषेतील परीक्षेत सारीच मुले कमी गुण मिळवितात आणि आजारी मूल त्या गर्दीत हरवते.

तेव्हा आखणीतील पहिले काम श्रवणाची तपासणी, आणि दुसरे काम घरातील माणसाशी तुलना. ही तुलना मराठी मुलाशी करावयाची नाही. त्याच पाड्यातील त्याच वयाच्या मुलाशी आणि त्याच घरातील मोठ्या माणसाशी करावयाची. आजीच्या तोंडून दहाबारा वस्तूंची नावे आधी म्हणवून घ्यावीत, मग नातवाच्या. आजी ‘ओवर’ म्हणत असेल तर नातवाचा ‘ओवर’ शुद्ध. आजी ‘होवर’ म्हणत असेल आणि नातू ‘ओवर’, तरच पुढे विचारावयाचे, आणि तेव्हाही आई कोणत्या गावची हे विचारल्याशिवाय लेखणी उचलू नये. कारण इंद्रावतीच्या अलीकडे आणि पलीकडे सोयरिकी होतात आणि बोली सुनांबरोबर प्रवास करते. ही पद्धत साधी आहे. तिला यंत्र लागत नाही. वेळ आणि दुभाषा लागतो.

दुभाष्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. चांगला दुभाषा अर्थ सांगतो, आणि वाचोपचारकाला अर्थाइतकेच रूप हवे असते. मूल अर्धवट, अडखळत बोलते आणि दुभाषा सौजन्याने त्याचे सुबक मराठी वाक्य करून देतो. तेवढ्यात रोगाचे लक्षण निघून जाते. दुभाष्याला आधी हे शिकवावे लागते की जे ऐकू आले ते जसेच्या तसे म्हण, दुरुस्त करू नकोस.

यानंतर लक्ष्य ठरविण्याचा प्रश्न येतो. कोणता वर्ण आधी शिकवावा याविषयी शास्त्रात दोन कसोट्या रूढ आहेत. निरोगी मुले जो वर्ण लवकर शिकतात तो आधी, ही एक. ज्याच्या अभावाने सर्वांत जास्त शब्द एकमेकांत मिसळतात तो आधी, ही दुसरी. पहिली कसोटी माडियाला लावता येत नाही, कारण वर उल्लेखिलेली सर्व व्याकरणे प्रौढांच्या बोलण्यावर रचलेली आहेत. भाषा-पाहणीचे नमुने तर बहुतांशी बायबलातील उधळ्या पुत्राच्या एकाच दृष्टान्ताचे अनुवाद; त्यांत तीन वर्षांचे मूल कोठून यावे? म्हणून दुसऱ्या कसोटीवर भर द्यावा लागतो. भाषाशास्त्रात तिला वर्णाचा कार्यभार म्हणतात. मराठीत ‘प’ आणि ‘फ’ यांच्या भेदावर कितीतरी शब्द उभे आहेत. माडियाच्या मूळ शब्दांत त्या भेदावर काहीच उभे नाही. दोन भाषांतील कार्यभार वेगळा, म्हणून लक्ष्यांचा क्रम वेगळा.

हे किती व्यावहारिक आहे ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सहा वर्षांच्या एका माडिया मुलाच्या फाटलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया झाली आहे आणि मराठी शब्दांच्या यादीवरून त्याची तपासणी केली. अहवालात लिहिले जाईल की ख, घ, ध, भ सदोष. स आणि ह आरंभी नाही. प, त, क यांत हवा नाकातून जाते. ‘र’ घशातून येतो. नऊदहा दोष झाले. यांतील महाप्राण त्याच्या भाषेत नाहीत. ‘स’ आणि ‘ह’ त्याच्या पाड्यात असतील किंवा नसतील. ‘र’ घरच्या मोठ्यांचा असाच असेल. खात्रीने विकाराचे असे उरले तीन वर्ण, प, त आणि क. आणि माडियाचा प्रत्येक दुसरा शब्द यांच्यावाचून उभा राहत नाही. पहिल्या अहवालावरून केलेली आखणी महाप्राणांवर कित्येक महिने घालवील. भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या केंद्राकडे जाणे म्हणजे आलापल्लीच्या वाटेने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, मजुरीचा दिवस बुडवून. अशा तीनचार खेपांनंतर घरी मूल पूर्वीसारखेच अस्पष्ट बोलते असे आईला दिसले की ती पाचव्यांदा येत नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही.

खेपांच्या या प्रश्नानेच आखणीचे कालमान ठरते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास हा शहरी दवाखान्याचा क्रम येथे कागदावरच राहील. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वर्षानुवर्षे तुटत आला आहे. तेव्हा उपचारात खंड पडणार हे धरूनच चालले पाहिजे. हॉडसन आणि पेडन यांनी १९८३ साली मांडलेली आवर्तनांची पद्धत या परिस्थितीस विशेष अनुकूल दिसते. एक वर्ण पूर्ण साधेपर्यंत त्यालाच धरून न बसता, एका आवर्तनात अनेक वर्णांना थोडाथोडा स्पर्श करावयाचा, मग विश्रांती, मग पुन्हा त्याच वर्णांकडे परतावयाचे. मुलाची वाचा मधल्या काळातही आपापली वाढते असा या पद्धतीचा विश्वास आहे. अमेरिकेत ती सलग सत्रांसाठी बेतली गेली. आपल्याकडे मधली विश्रांती नदी देते; तेवढा बदल करून घ्यावा लागेल.

आणि उपचार प्रत्यक्ष कोणी करावयाचा? मराठीभाषक उपचारक प्रत्येक पाड्यावर जाईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु या जिल्ह्यालाच याबाबत दोन मोलाचे दाखले आहेत. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. औषध देण्याआधी माडिया शिकणे त्यांना भाग पडले, आणि १९७६ मध्ये निघालेल्या शाळेपुढेही हाच प्रश्न उभा होता. गुरुजींनी मुलाच्या भाषेकडे जावयाचे की मुलाने गुरुजींच्या भाषेकडे यावयाचे, याचे उत्तर तेथे रोजच्या व्यवहाराने दिले. दुसरा दाखला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा. गावातील स्त्रियांना शिकवून त्यांच्या हातून घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा करविण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणचाळीस गावांत नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. जन्मताच न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणे हे काम जर थोडे शिकलेली गावची बाई करू शकते, तर मुलासमोर बसून आरशात ओठ दाखवीत ‘प’ म्हणवून घेणे तिला अशक्य मानण्याचे कारण दिसत नाही. शिवाय तिच्या तोंडची भाषा मुलाची आहे, आणि ही पात्रता कोणत्याही पदवीने मिळत नाही. योजना करणे, लक्ष्य बदलणे, प्रगती मोजणे ही कामे उपचारकाने करावीत. रोजचा सराव तिने घ्यावा.

उपचार कोणत्या भाषेतून करावा, याविषयी पालकांचे मत निराळे असण्याचा संभव आहे. मूल मराठी बोलू लागावे म्हणून ते दवाखान्यात आणले, असे कित्येक जण स्पष्ट सांगतील, आणि शाळा व नोकरी यांचा विचार करता त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण मराठी शिकविणे हे शिक्षण आहे आणि प, त, क यांतील हवा तोंडावाटे काढावयास शिकविणे हा उपचार आहे. हे दोन्ही एकाच अहवालात, एकाच शीर्षकाखाली मोजले गेले की दोन्ही बिघडतात. प, त, क दोन्ही भाषांत आहेत. माडियात साधले की मराठीत आपोआप पुष्कळसे येतात. महाप्राण शाळेत शिकवावेत, आणि त्यासाठी मुलाला रोगी ठरविण्याची गरज नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी करताना श्रवणदोष, फाटलेला टाळू आणि भाषाविकासातील विलंब या तिन्हींची नोंद अपेक्षित आहे. या तिसऱ्या नोंदीपुढे ‘कोणत्या भाषेत तपासले’ असा एक रकाना वाढविला तरी फार काम होईल.

सर्वांत मोठी उणीव माडिया बालभाषेच्या नोंदीची आहे, आणि ती भरून काढणे हे भाषाशास्त्राच्या विभागांचे काम आहे. वैद्यकाने ते करावे अशी अपेक्षा धरता येणार नाही. दोन ते सहा वर्षांची निरोगी मुले घरात, अंगणात, आपल्या भावंडांशी काय बोलतात याचे ध्वनिमुद्रण, आणि त्यावरून कोणत्या वयात कोणता वर्ण स्थिर होतो याचे कोष्टक. यासाठी काही पाड्यांतील काही डझन मुले पुरेशी आहेत, मात्र प्रत्येकाच्या आईचे माहेर नोंदविले पाहिजे. या कामातून चित्रांची जी यादी सिद्ध व्हावी तीत आगगाडी, केक आणि सफरचंद नकोत. मोहाचे फूल, बांबू, मासा, कोंबडी, धनुष्य, भोपळ्याचे तुंबे अशा वस्तू असाव्यात, ज्या मुलाने हाताळलेल्या असतात. मिठाचे चित्र मात्र त्या यादीत एका वेगळ्या पानावर ठेवावे. ते मुलाला दाखविण्यापूर्वी त्याच्या आजीला दाखवावयाचे आहे.